अचलपूरचा डास आणि मुंबईच्या विहिरी

आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांना गेल्या दहा-बारा वर्षांत एका परक्या डासाने हैराण केलं आहे. जिबूतीत तो २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. त्या वर्षी त्या चिमुकल्या देशात हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये हाच आकडा ७३ हजारांच्या वर गेला. त्यानंतर इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया असा तो सापडतच गेला. आफ्रिकेतला हिवताप आजवर मुख्यतः खेड्यापाड्यांचा रोग होता, कारण तिथले जुने वाहक डास डबक्यांत आणि दलदलीत वाढणारे. हा नवा पाहुणा मात्र शहरी आहे. त्याला गच्चीवरची टाकी, अंगणातला हौद, बांधकामावर साठवलेलं पाणी चालतं. त्याचं नाव ॲनोफिलीस स्टीफन्साय. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९०१ मध्ये छापून आलं, आणि ज्या ठिकाणच्या नमुन्यांवरून ते केलं गेलं ते गाव म्हणजे वऱ्हाडातलं एलिचपूर, आजचं अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर.

वर्णन करणारे विल्यम ग्लेन लिस्टन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले तरुण डॉक्टर. मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एलिचपूरच्या छावणीत त्यांनी वर्षभर ॲनोफिलीस डासांवर नजर ठेवली. कोणता डास कोणत्या पाण्यात अंडी घालतो, कोणत्या महिन्यात वाढतो, घरात कुठे बसतो, याच्या त्यांनी नोंदी केल्या. हिंदुस्थानात हिवतापाचा अभ्यास करायला आलेले जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांचं नाव त्यांनी या नव्या जातीला दिलं. हेच लिस्टन पुढे परळच्या प्लेग प्रयोगशाळेत गेले आणि उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. परळच्या त्या संस्थेला आज आपण हाफकिन म्हणून ओळखतो.

एका छावणीत बसून वर्षभर डास मोजत राहण्याची गरज का पडली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

हिंदुस्थानात हिवतापाचं मोजमाप डासाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. यमुनेच्या कालव्यांकाठची गावं आणि कर्नालची छावणी तापाने पोखरली गेली, तेव्हा सरकारने एक समिती नेमली. तिच्यातले डॉक्टर टी. ई. डेम्पस्टर यांनी १८४७ च्या सुमारास एक साधी युक्ती वापरली. गावातली मुलं समोर उभी करायची, डाव्या बरगडीखाली बोटं दाबून हिवतापाने सुजलेली पानथरी (प्लीहा) हाताला लागते का ते पाहायचं आणि शंभरात किती मुलांना लागली ते लिहायचं. ना सूक्ष्मदर्शक, ना रक्ताचा थेंब. तरीही कोणत्या गावात हिवताप मुरलेला आहे आणि कोणत्या गावात नाही, हे त्यातून स्वच्छ दिसे. पुढची शंभर वर्षं हिवतापाच्या प्रत्येक पाहणीत ही पद्धत टिकली. मला या सगळ्या इतिहासात ही युक्ती फार मोलाची वाटते, कारण तिने दुखण्याचा पत्ता आजारी मुलाच्या अंगावरच शोधला.

कारण मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. घाणेरडी हवा, सडलेला पाला, ओलसर जमीन यांच्याकडेच बोट दाखवलं जाई. १८८० मध्ये अल्जीरियात लाव्हेराँ यांना रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना तोच परजीवी डासाच्या पोटाच्या भिंतीवर वाढताना दिसला. त्यासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाने पिंजऱ्यातल्या डासांकडून स्वतःला चावून घेतलं होतं. मोबदला होता डासामागे एक आणा. पुढच्या वर्षी कलकत्त्यात रॉस यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून डासाच्या लाळेतून रोग पसरतो हे सिद्ध केलं, आणि त्याच सुमारास इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या बाबतीत ते दाखवलं.

बहुतेक पुस्तकांत गोष्ट इथे संपते. खरं तर खरी अडचण इथूनच सुरू झाली. ॲनोफिलीस हे एका डासाचं नाव नाही, ते एक मोठं कुळ आहे. हिंदुस्थानात त्याच्या डझनावारी जाती, आणि बहुतेक निरुपद्रवी. रॉयल सोसायटीच्या मंडळातर्फे आलेले स्टीफन्स आणि एस. आर. क्रिस्टोफर्स यांनी शतकाच्या सुरुवातीलाच हे ओळखलं. घरात ढिगाने सापडणारा एक डास जवळजवळ कधीच परजीवी वाहत नव्हता, तर संख्येने कमी असलेला दुसरा गावभर ताप पसरवत होता. मग सगळं पाणी बुजवत सुटण्यात अर्थ काय? आधी गुन्हेगार कोण ते ठरवायला हवं, आणि ते प्रत्येक मुलखात वेगळं ठरवायला हवं.

ही घाई किती महागात पडते ते लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत दिसलं. १९०२ पासून तिथे खड्डे बुजवणं, पाट बंद करणं, अळ्या मारणं असा मोठा प्रयोग झाला, पण डास हटले नाहीत आणि तापही हटला नाही. रॉस यांचं म्हणणं होतं की काम अर्धवट आणि चुकीच्या रीतीने झालं. हिंदुस्थान सरकारने मात्र त्यातून सोयीचा धडा घेतला: डासांच्या मागे लागून पैसे घालवण्यात हशील नाही, हिवतापावरचं औषध क्विनीन वाटा. १९०९ च्या ऑक्टोबरमध्ये सिमल्याला हिवतापावर मोठी परिषद भरली तेव्हाही हा वाद पेटलेलाच होता. आदल्याच वर्षी पंजाबात पावसानंतरच्या साथीत तीनेक लाख माणसं मेली होती. क्रिस्टोफर्स यांनी त्या साथीचा अभ्यास करून दाखवलं की अतिवृष्टीच्या जोडीला धान्याची महागाई असेल तिथे हिवताप माणसं मारतो. डास चावणं सगळीकडे सारखं असलं तरी उपाशी गावात मरण जास्त.

याच विचाराचा दुसरा धागा उत्तर बंगालातल्या डुआर्सच्या चहामळ्यांतून आला. तिथे क्रिस्टोफर्स यांच्याबरोबर चार्ल्स बेंटली नावाचे डॉक्टर काम करत होते. दूरदूरच्या मुलखांतून मजूर आणून, अर्धपोटी ठेवून, एकाच ठिकाणी दाटीने कोंबले की त्या गर्दीत हिवताप भडकतो, असं त्या दोघांनी मांडलं. हा निबंध त्यांनी १९०९ मध्ये मुंबईच्या वैद्यक परिषदेत वाचला. जागा अगदी योग्य होती, कारण मुंबईत तेव्हा नेमकं हेच चाललं होतं.

१९०५ पासून फोर्टच्या पूर्वेला अलेक्झांड्रा गोदीचं, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीचं काम सुरू होतं. खोदाईसाठी हजारो मजूर आले. लिस्टन यांनी १९०८ मध्ये मुंबई बंदरातल्या हिवतापाच्या साथीवर टिपण लिहिलं. ताप कोट भागात पसरला होता, आणि कोट म्हणजे पेढ्या, कचेऱ्या, जहाज कंपन्या. दुखणं साहेबाच्या टेबलापर्यंत पोचलं म्हटल्यावर सरकारने बेंटली यांना मुंबईच्या पाहणीवर नेमलं. त्यांचा अहवाल १९११ मध्ये आला.

या पाहणीचं काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. पायऱ्या असलेल्या विहिरीत उतरून किंवा दोरीला बांधलेली बादली काठाला लावून हलकेच पाणी घ्यायचं. ते पांढऱ्या भांड्यात ओतून दोन मिनिटं थांबायचं. डासांच्या अळ्या हालचालीने बुडी मारतात आणि श्वासासाठी पुन्हा वर येतात. क्युलेक्स या दुसऱ्या प्रकारच्या डासाची अळी पृष्ठभागाला शेपटाकडून तिरपी लोंबते. ॲनोफिलीसची अळी मात्र पाण्याच्या कातडीला समांतर, आडवी पडून राहते आणि धक्का लागला की मागच्या मागे सरकते. मग घराघरांतून, गोठ्यांतून, जिन्याखालच्या अंधारातून मोठे डास नळीत पकडायचे. त्यातली मादी घ्यायची, पंख आणि पाय काढायचे, मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवून सुईने पोटाचं टोक हळूच ओढायचं. आतलं जठर अखंड बाहेर आलं तर त्याच्या भिंतीवर काळे कण असलेले फुगवटे दिसतात का ते पाहायचं. दिसले, तर हा डास गुन्हेगार. असं एक नाही, शेकडो वेळा. डास पकडणारे, बादल्या ओढणारे, पत्ते लिहून घेणारे हात बहुतेक आपल्याच माणसांचे होते, आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर त्यांच्यासाठी जागा नव्हती.

बेंटली यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. मुंबई शहरातला वाहक ॲनोफिलीस स्टीफन्साय, आणि त्याचं मुख्य घर विहीर. गटारं, चिखल, कचरा यांना शिव्या घालणाऱ्यांना हे पटणं कठीण गेलं, कारण हा डास घाणीत वाढत नाही. त्याला निवळशंख पाणी लागतं. मुंबईत १८६० पासून विहार तलावाचं, पुढे तुळशीचं आणि १८९२ पासून तानसाचं पाणी नळाने येत होतं. तरी जुन्या विहिरी वाड्यांत, बागांत, देवळांत, अग्यारींत तशाच उघड्या होत्या. डासाला याहून बरी जागा कोणती हवी होती?

पुढची पायरी उघड होती: विहिरी बुजवा, नाहीतर घट्ट झाका. महापालिकेच्या आरोग्य खात्याने मालकांना नोटिसा काढायला सुरुवात केली आणि शहरात खळबळ उडाली. पारशी समाजासाठी विहिरीचं पाणी ही धर्माची बाब होती. अग्यारीतल्या विधींना विहिरीचंच पाणी लागतं, नळाचं चालत नाही. १७२५ मध्ये खोदलेली भिखा बेहराम विहीर तर आजही क्रॉस मैदानाजवळ पूजली जाते. हिंदूंच्या घरी विहिरीवर नैवेद्य होता, कुणी विहिरीत राहणाऱ्या पीराला भीत होतं, आणि विहीर बुजवली तर घरावर अरिष्ट येईल ही धास्ती सगळ्याच समाजांत होती. या काळात महापालिकेचे चिटणीस असलेले रुस्तम मसानी यांनी या समजुती गोळा करून १९१८ मध्ये विहिरींच्या लोककथांवर एक अख्खं पुस्तकच लिहिलं. नोटिसांच्या फायलींतून असं पुस्तक निघावं, ही मुंबईच्या पालिकेच्या इतिहासातली एक सुंदर गोष्ट आहे.

लोकांना अडाणी ठरवून हा विरोध मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं. प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरलेले सोजीर आणि १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात झालेला रँडचा वध, याला तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती. सरकारी माणूस उंबरठ्याच्या आत आला की काय होतं, हे लोकांनी पाहिलं होतं. शेवटी मध्यम मार्ग निघाला. धार्मिक वापराच्या विहिरींना झाकण आणि पाणी काढण्यापुरतं दार ठेवून परवानगी मिळाली. बाकीच्या बुजवल्या गेल्या किंवा बंद झाल्या. १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या ३८१ व्या कलमाखाली डासांची पैदास रोखण्यासाठी आजही मुंबईत नोटिसा निघतात.

विहिरी झाकल्या म्हणून डास गेला नाही. १९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईची पुन्हा पाहणी केली तेव्हा विहिरींबरोबरच टाक्या, हौद, कारंजी यांचीही गणना करावी लागली. शहर जसं उंच होत गेलं तसा डासही जिने चढून गच्चीवर गेला.

आणि मुंबईबाहेर? इलाख्यातल्या खेड्यांत बादली घेऊन कुणी उतरलं नाही. तिथे मृत्यूची नोंद पोलीस पाटील करी: पटकी, देवी, प्लेग, आणि यांपैकी काही नसेल तर ताप. त्या एका रकान्यात हिवतापाचे किती बळी गाडले गेले याचा हिशेब कधीच लागणार नाही. सरकारी उपाय म्हणजे टपाल कचेरीत पैशाला मिळणारी क्विनीनची पुडी. बंदर, छावणी, मळा, रेल्वे यांच्यासाठी डासाचा माग काढला गेला, कारण तिथे ताप आला की महसूल आणि व्यापार अडत होता.

बेंटली यांनी ही विसंगती स्वतः पाहिली असावी असं त्यांच्या पुढच्या कामावरून वाटतं. बंगालमध्ये आरोग्य खात्याचे प्रमुख झाल्यावर १९२५ मध्ये त्यांनी ठामपणे लिहिलं की रेल्वेचे आणि रस्त्यांचे बांध घालून नद्यांचं पुराचं पाणी शेतांत पसरू दिलं नाही, म्हणून जमिनीचा कसही उतरला आणि हिवतापही वाढला. मुंबईत विहीरमालकाला नोटीस काढणं सोपं होतं. इथे नोटीस खुद्द सरकारला काढावी लागली असती. बांध तसेच राहिले.

मुंबई इलाख्यातल्या गावांपर्यंत डासविरोधी काम मोठ्या प्रमाणावर पोचलं ते १९४५-४६ मध्ये, कारवार आणि धारवाड भागांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी सुरू केली तेव्हा. इंग्रज जायला तेव्हा जेमतेम वर्ष-दीड वर्ष उरलं होतं.