म्युनिशन्स इंडिया लिमिटेड

सैन्यदलांना दारूगोळा व स्फोटके पुरवणारी भारत सरकारच्या मालकीची कंपनी. मुख्यालय पुण्यात खडकी येथे. सरकारी शस्त्रनिर्मिती कारखाने चालवणारे आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या 41 निर्माणी 7 कंपन्यांत वाटल्या गेल्या, तेव्हा 1 ऑक्टोबर 2021 पासून हिचे काम सुरू झाले. वाट्याला आलेल्या 12 निर्माणींपैकी 6 महाराष्ट्रात आहेत: खडकीच्या दोन (त्यांतील दारूगोळ्याची 1869 मधील), देहूरोड, वरणगाव, भंडारा आणि भद्रावतीजवळची चांदा.

तोफेचा दारूगोळा एका छताखाली तयार होत नाही, हे या व्यवसायाचे मर्म. 155 मिमी तोफेला गोळा, फ्यूज (गोळ्यातले स्फोटक पेटवणारा), नोदक (जळून गोळ्याला पुढे ढकलणारी दारू) व प्राइमर (नोदक पेटवणारा) हे चार घटक लागतात. गोळ्याचे पोलादी कवच नागपूरच्या अंबाझरीत बनते, पण ती निर्माणी आता यंत्र इंडिया या वेगळ्या कंपनीकडे आहे. पूर्वीच्या खात्यांतर्गत मागणीच्या जागी त्यामुळे दोन कंपन्यांमधला खरेदीव्यवहार आला. चारांपैकी एक घटक अडला, तरी उरलेले तीन कोठारात पडून राहतात.

सर्वांत नाजूक काम स्फोटक भरण्याचे. एम-107 जातीच्या सुमारे 43 किलोच्या गोळ्यात 7 किलोच्या आसपास टीएनटी हे स्फोटक मावते. ते सुमारे 80 अंश सेल्सिअसला वितळते. ओतल्यावर सावकाश, खालून वर थिजवावे लागते. घाई केली तर आकुंचनाने आत पोकळी राहते. गोळा सुटताना बसणाऱ्या धक्क्याने पोकळीतली हवा दाबली जाऊन तापते आणि गोळा नळीतच फुटू शकतो. म्हणून क्ष-किरण तपासणीत सूट देता येत नाही. नोदकाची दुखणी निराळी: ओल लागली तर ज्वलन बदलून पल्ला चुकतो, आणि त्याचे आपोआप विघटन रोखणारा स्थैर्यकारक पदार्थ काळाबरोबर संपत जातो, साठ्याची ठरावीक मुदतीने चाचणी हवीच.

माल लॉटनिहाय, म्हणजे एकत्र तयार झालेल्या खेपेनुसार, स्वीकारला जातो. प्रत्येक लॉटमधील नमुने चाचणी मैदानावर डागून वेग व नळीतील दाब मोजतात. नमुना नापास झाला की सारा लॉट अडकतो. दोष शोधायचा तर लॉट क्रमांकावरून प्रत्येक घटकाच्या निर्माणीपर्यंत मागे जावे लागते. म्हणून नोंदवही इथे यंत्राइतकीच मोलाची.

कामाची जोखीम कामगारांच्या जिवावर येते. 24 जानेवारी 2025 रोजी भंडारा निर्माणीत स्फोट होऊन इमारतीचे छत कोसळले आणि कामगार मृत्युमुखी पडले. अशा इमारती एकमेकींपासून दूर, मातीच्या बांधांआड ठेवण्याचा आणि आत मोजकीच माणसे व मोजकेच स्फोटक असू देण्याचा नियम याचसाठी असतो.