दोन अल्बिनो बोआ आणि त्यांची तपकिरी पिल्लं

बोआ या सापाचा अल्बिनो नर, म्हणजे ज्याच्या अंगात काळा रंग बनत नाही असा, आणि तशीच अल्बिनो मादी एकत्र ठेवली तर पिल्लं कशी होतील? शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकलेला कुणीही डोळे झाकून सांगेल की सगळी अल्बिनो. हा गुण अप्रभावी आहे. तो दिसतोय, म्हणजे आईकडे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आणि बापाकडेही दोन्ही. मग पिल्लाला चांगली प्रत येणार कुठून?

अमेरिकेतल्या बोआ पाळणाऱ्यांनी 'काह्ल' वाणाचा अल्बिनो आणि 'शार्प' वाणाचा अल्बिनो यांची जोडी लावली, तेव्हा मात्र पिल्लं झाली ती झाडून सगळी साधी, जंगलातल्या बोआसारखी तपकिरी. पाठीवर गडद पट्टे, शेपटीकडे लालसर झाक, डोळे काळपट. आईबापांच्या गुलाबी-नारिंगी अंगाचा आणि लाल डोळ्यांचा मागमूस नाही.

बोआ म्हणजे आपला अजगर नव्हे. अजगर अंडी घालतो, बोआची मादी जिवंत पिल्लांना जन्म देते. तो राहतो मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, आणि त्याच्या कुळाचे आपल्याकडचे नातेवाईक म्हणजे मांडूळ आणि डुरक्या घोणस. जगभर पाळले जाणारे बहुतेक बोआ आता 'बोआ इम्परेटर' या वेगळ्या जातीत धरतात. पूर्ण वाढलेली मादी सहज दोन मीटरच्या पुढे जाते, एका विणीत वीस-पंचवीस पिल्लं ही नेहमीची गोष्ट. ती पिल्लं मोठी होऊन त्यांची वीण मिळायला आणखी तीन-चार वर्षं. म्हणजे वाटाण्यांवर मेंडेलला एका हंगामात जे दिसलं, ते बोआवर बघायचं तर चिकाटी हवी. ती या छंदिष्टांकडे भरपूर आहे, आणि त्यातून जे बाहेर आलं ते काही वेळा प्रयोगशाळांनाही मिळालेलं नव्हतं.

तपकिरी पिल्लांचं कोडं समजायला आधी सापाचा रंग कसा बनतो ते बघायला हवं. त्वचेत तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. एकीत काळं-तपकिरी मेलॅनिन, दुसरीत पिवळी-लाल द्रव्यं, आणि तिसरीत ग्वानिनचे बारीक स्फटिक, जे स्वतः रंगीत नसतात पण प्रकाश परावर्तित करतात. उंदीर किंवा माणूस अल्बिनो असला की त्याचे सगळेच रंग जातात, कारण सस्तन प्राण्यांचा पिवळा-तांबडा रंगही मेलॅनिनच्याच कारखान्यात तयार होतो. सापाचं तसं नाही. त्याचं मेलॅनिन गेलं तरी पिवळ्या-लाल पेशी आपलं काम करत राहतात, म्हणून अल्बिनो बोआ पांढराफटक नसतो. त्याच्या पाठीवर केशरी आणि फिकट पिवळे पट्टे असतात, आणि वय वाढतं तसा पिवळेपणाही वाढतो. खरा पांढरा बोआ हवा असेल तर लाल रंगही घालवावा लागतो. लाल द्रव्य नसलेला, करडा-चंदेरी दिसणारा 'अनेरी' नावाचा मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचा आनुवंशिक प्रकार, आहे. अल्बिनो आणि अनेरी हे दोन्ही दोष एकाच सापात आले की झाला 'स्नो'.

मेलॅनिन एका झटक्यात बनत नाही. टायरोसिन या अमिनो आम्लापासून सुरुवात होते, टायरोसिनेज हे विकर पहिलं पाऊल टाकतं, पुढे आणखी प्रथिनं लागतात, पेशीतल्या ज्या पिशवीत हे सगळं चालतं तिची आम्लता योग्य राखावी लागते. या साखळीतली कुठलीही कडी तुटली तरी काळा रंग गायब. रात्री दोन घरं अंधारात असतील, तर एकाचा फ्यूज उडालेला असेल आणि दुसऱ्याचा बल्ब गेलेला असेल. रस्त्यावरून दोन्ही सारखीच काळी दिसतात. काह्ल आणि शार्प यांचं नेमकं हेच आहे. दोघांचं बिघडलेलं जनुक वेगळं. पिल्लाला काह्लकडून एका जनुकाची बिघडलेली प्रत येते, पण त्याच जनुकाची धडधाकट प्रत शार्पकडून येते. दुसऱ्या जनुकाच्या बाबतीत याच्या उलट. दोन्ही कामं भागतात आणि पिल्लू तपकिरी होतं.

पुढची पिढी आणखी मजेशीर. ही तपकिरी भावंडं एकमेकांत जोडली तर हिशोबाने सोळात नऊ साधी, तीन काह्ल, तीन शार्प, आणि एक असं की ज्यात दोन्ही दोष आहेत. म्हणजे सोळात सात अल्बिनो. त्या सातांतलं दुहेरी दोषाचं पिल्लू कुठलं, हे नुसत्या नजरेने सांगणं जवळपास अशक्य. आधीच मेलॅनिन नाही, ते आणखी किती नाहीसं होणार? त्याची पिल्लं काढली की मगच कळतं.

आता उलटा प्रकार बघा. 'कॅरॅमल' नावाचा एक मॉर्फ आहे. त्यात मेलॅनिन थोडंफार बनतं, त्यामुळे अंगाला साखर जळल्यासारखा तांबूस रंग असतो, डोळेही तितके लाल नसतात. तो आणि शार्प अल्बिनो शेजारी ठेवले तर कुणीही हे दोन वेगळे प्रकार म्हणून मोकळा होईल. पण त्यांची जोडी लावली तर पिल्लं तपकिरी होत नाहीत. ती दोघांच्या मधल्या रंगाची होतात. पाळणाऱ्यांत त्यांना 'पॅराडाइम' म्हणतात. एकाच जनुकाचे हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत. शार्पमध्ये ते पार निकामी, कॅरॅमलमध्ये अर्धवट चालू. सारखे दिसणारे परके निघाले आणि वेगळे दिसणारे सख्खे. पेशीत नेमकं कुठलं जनुक आहे हे न बघता, केवळ जोड्या लावून हे ठरवता येतं. आनुवंशिकीच्या अभ्यासक्रमात याला पूरकता चाचणी म्हणतात, आणि ती फळमाश्या-बुरशीवर करतात. या लोकांनी ती दोन मीटर लांबीच्या सापांवर केली.

इतर मॉर्फमध्येही रंग बघून फसायला होतं. 'साल्मन' हा काळा रंग कमी करणारा मॉर्फ. जनुकाची एक प्रत असली तरी दिसतो आणि दोन असल्या तरी जवळपास तसाच दिसतो. दोन प्रतींचा 'सुपर' आहे असं सांगून विकलेला साप खरोखर सुपर आहे का, हे त्याची सगळी पिल्लं साल्मन निघतात का यावरूनच कळतं. 'मॉटली'मध्ये एक प्रत असली तर पाठीवरचे पट्टे जोडले जाऊन गोल ठिपके उरतात, दोन असल्या तर साप गडद आणि जवळजवळ बिननक्षीचा होतो. असे सुपर मॉटली लहानपणीच दगावतात, ही पैदास करणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. तरीही मॉटलीला मॉटली जोडणारे आहेतच. मला तो शौक कळत नाही.

बाजारात दिसणारा '६६ टक्के हेट' हा शेराही इथलाच; हेट म्हणजे वाहक. बिघडलेली एक प्रत लपवून फिरणाऱ्या दोन सापांच्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांमध्ये तीनपैकी दोन त्या प्रतीचे वाहक असतात. म्हणून प्रत्येकावर ६६ टक्क्यांची चिठ्ठी. त्या एका पिल्लाच्या बाबतीत उत्तर हो किंवा नाही एवढंच आहे. टक्केवारी आपल्या अज्ञानाची.

नेमकं कुठलं जनुक, हे आता हळूहळू उलगडतंय. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये बॉल पायथन या आफ्रिकी अजगराच्या तीन फिकट मॉर्फवर काम प्रसिद्ध केलं. नमुने म्हणून त्यांनी लोकांकडून सापांच्या काती मागवल्या. एका मॉर्फमध्ये टायरोसिनेजचं जनुक बिघडलेलं निघालं, आणि बाकीच्या दोघांत रंगाच्या साखळीतली आणखी दोन वेगळी जनुकं. सापाला हात न लावता, टाकून दिलेल्या कातीतून डीएनए. सोपी आणि झकास युक्ती.

भारतात बोआ पाळण्याचं आकर्षण असलेल्यांसाठी एवढंच: बोआ साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला प्राणी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. मांडूळ तर पाळायचंच नाही, कितीही गुप्तधनाच्या गोष्टी कानावर आल्या तरी.

पुन्हा कॅरॅमलकडे येऊ, कारण या मॉर्फने रंगापलीकडचं काहीतरी उघड केलं. अमेरिकेत एका पाळलेल्या कॅरॅमल मादीला दोन विणींत मिळून २२ पिल्लं झाली. सगळ्या माद्या आणि सगळ्या कॅरॅमल. तिच्याबरोबर नर ठेवलेले होते, पण हा दुर्मीळ अप्रभावी रंग त्यांच्यापैकी कुणाकडे नव्हता. बाप असता तर पिल्लं साध्या रंगाची व्हायला हवी होती. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या वॉरन बूथ आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला, तर त्यात कुठल्याही नराचा अंश नव्हता. नर उपलब्ध असताना मादीने एकटीने पिल्लं जन्माला घातली होती. हे काम २०१० च्या अखेरीस 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये आलं.

पण सगळ्या माद्याच का? सापांमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं पक्ष्यांसारखी असतात, नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू, हे १९६० च्या दशकापासून सरसकट सगळ्या सापांबद्दल गृहीत होतं. इतर बऱ्याच सापांत बिनबापाची पिल्लं झाली तर ती नरच असायची. या हिशोबात २२ माद्या बसवायच्या तर त्या सगळ्यांना डब्ल्यूडब्ल्यू मानावं लागत होतं, आणि असा जीव जगतो हे कुणाला माहीत नव्हतं. संशोधकांनी तेव्हा तोच निष्कर्ष काढला, आणि ती मोठी बातमी झाली.

२०१७ मध्ये टोनी गॅम्बल आणि सहकाऱ्यांनी नर-मादी बोआंचे डीएनए एकमेकांशी ताडून बघितले. फक्त एकाच लिंगात सापडणाऱ्या खुणा मिळाल्या, आणि त्या नरांमध्ये होत्या. म्हणजे बोआमध्ये आणि बर्मी अजगरातही व्यवस्था आपल्यासारखी आहे: मादी एक्सएक्स, नर एक्सवाय. त्या कॅरॅमल आईकडे पिल्लांना द्यायला एक्स सोडून दुसरं काही नव्हतंच.