नोटा जिंकला की निवडणूक रद्द? आधी विचारा, कुठली निवडणूक

दर निवडणुकीला हा मेसेज फिरतोच, की नोटाला, म्हणजे मतदान यंत्रावरच्या 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला, सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते आणि सगळे उमेदवार बाद. नागरिकशास्त्राच्या तासालाही पोरं हेच ठामपणे सांगतात, आणि वाईट वाटतं कारण त्यांना हे कुणीतरी मोठ्यानेच सांगितलेलं असतं.

लोकसभा-विधानसभेला असं काहीच होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर 2013 च्या निकालाने नोटाचं बटण आलं, ते गुप्तपणे नापसंती नोंदवता यावी म्हणून. समजा 100 पैकी 99 मतं नोटाला आणि 1 मत एका उमेदवाराला, तरी निवडून तोच येणार! 2019 ला लातूर ग्रामीण विधानसभेत नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता, 27,500 मतं, पण निकालावर काडीचा फरक पडला नाही.

आता खरी गंमत. महाराष्ट्रात महापालिका, नगरपरिषदांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा, आणि त्याने नोव्हेंबर 2018 मध्ये आदेश काढला की या निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची फेरनिवडणूक घ्यायची. पण ती एकदाच, परत नोटाच पुढे राहिला तर उमेदवारांपैकी ज्याला जास्त मतं तो विजयी.

म्हणून मुलांना शिकवताना फळ्यावर दोन्ही आयोग शेजारी शेजारी लिहा, कोण कुठली निवडणूक घेतं ते त्यांनाच भरू द्या, आणि मग नोटाकडे वळा.