वाकलेल्या प्रकाशात दीर्घिकेची फिरकी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो ही वेधशाळा होणार म्हटल्यापासून मराठवाड्यात कुठंही खगोलावर बोलायला जा, एक प्रश्न ठरलेला : "सर, त्यातून लांबच्या दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे समूह) दिसतील का?" नाही. लायगो गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशातली सूक्ष्म थरथर टिपणार, प्रकाश नव्हे. मात्र गुरुत्वाचंच भिंग करून दीर्घिका पाहता येतात, आणि त्या किती वेगानं फिरतात तेही मोजता येतं.

वस्तुमान प्रकाशाची वाट वाकवतं. सूर्याला घासून जाणारा किरण 1.75 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) वळतो; 1919च्या ग्रहणात ते तपासलं गेलं. (सूर्याची ही गत, तर त्याच्या साडेतीन हजाराव्या हिश्श्याएवढा शनी लग्नं कशी मोडतो, ते साडेसातीवाल्यांनाच विचारा.) अख्खी दीर्घिका आड आली, तर मागच्या दीर्घिकेचं चित्र ताणलं जाऊन कमानी दिसतात, क्वचित पूर्ण कडं.

खरी गंमत पुढं आहे. हे भिंग काचेसारखे रंग फोडत नाही. तांबडा, निळा, रेडिओ, सगळे सारखेच वळतात. आकाराचा विचका झाला तरी वर्णपट, म्हणजे प्रकाशाची तरंगलांबीनुसार केलेली मांडणी, शाबूत! खळ्यावर मेढीभोवती पात फिरते तेव्हा एका बाजूचे बैल आपल्याकडं येत असतात, दुसऱ्या बाजूचे लांब जात असतात. दीर्घिकेतल्या वायूचं तसंच. येणाऱ्या बाजूची वर्णरेषा (मूलद्रव्याची वर्णपटातली ठरावीक तरंगलांबीची खूण) आखूड तरंगलांबीकडं सरकते, जाणाऱ्या बाजूची लांब तरंगलांबीकडं. सरकणं किती? सेकंदाला 200 किलोमीटर वेगाला 656.3 नॅनोमीटरची हायड्रोजनरेषा 0.44 नॅनोमीटर हलते. भिंगाविना दोन्ही बाजू एकाच ठिपक्यात मिसळतात. ताणलेल्या कड्यात त्या वेगळ्या पडतात.

एसपीटी0418-47 ही दीर्घिका घ्या. तिच्या आड दुसरी दीर्घिका असल्यानं ती आपल्याला कड्यासारखी दिसते. तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय सुमारे 140 कोटी वर्षं होतं. तिच्यातल्या आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) कार्बनची 158 मायक्रोमीटरची रेषा विश्वाच्या प्रसरणानं ताणून 0.82 मिलिमीटरवर आली आणि चिलीतल्या अल्मा दुर्बिणीनं ती पकडली. प्रत्येक तरंगलांबीचं चित्र वेगळं काढलं की दर चित्रात कड्याचा निराळा तुकडा उजळतो. मग आड आलेल्या दीर्घिकेच्या वस्तुमानाचं एकच गणित मांडून सगळी चित्रं उलगडायची. गणित चुकलं तर त्यांचा मेळ बसत नाही. 2020 साली निकाल आला : फिरण्याचा वेग वायूच्या सैरभैर गतीच्या जवळपास दहापट. इतक्या कोवळ्या दीर्घिकेत धुमाकूळ असेल असा अंदाज होता. निघाली शिस्तीची तबकडी.

मोजला जातो तो फक्त आपल्या दृष्टिरेषेतला वेग. तबकडी किती कललेली आहे हे उलगडलेल्या आकारावरूनच ठरतं, त्यामुळं भिंगाच्या गणितातली चूक थेट वेगाच्या आकड्यात उतरते.