बीपीच्या एका रकान्यात काय काय मावायला हवं?

रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बीपी’ नावाचा एक रकाना असतो. अनेक ठिकाणी तो साधा मजकुराचा असतो, म्हणजे त्यात काहीही टाइप करता येतं. मग कोणी ‘१३०/८०’ लिहितं, कोणी ‘१३०-८०’, कोणी ‘१३०/८० उजवा हात’, आणि ओपीडीत गर्दी असली की नुसतंच ‘नॉर्मल’. समोर बसलेल्या डॉक्टरांना यातलं सगळं कळतं. अडतं ते वर्षभरानं, जेव्हा कोणी विचारतं की सलग दोन भेटींत ज्यांचा वरचा बीपी १४० च्या पुढे होता असे रुग्ण किती, आणि त्यातले किती पुन्हा आलेच नाहीत? उत्तर डेटाबेसमध्ये असतं, पण बाहेर काढता येत नाही.

यावर प्रोग्रामरचा पहिला उपाय ठरलेला. एका रकान्याचे दोन करायचे, सिस्टोलिक (वरचा आकडा) आणि डायस्टोलिक (खालचा), आणि दोन्हींत फक्त आकडे स्वीकारायचे. थोड्याच दिवसांत मेडिसिन विभाग सांगतो की उठून उभं राहताना चक्कर येणाऱ्या रुग्णाचा बीपी आधी आडवं असताना आणि मग उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत घ्यावा लागतो. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर निदानासाठी ती महत्त्वाची खूण असते. झाले आणखी कॉलम. आयसीयूत धमनीत नळी घालून दाब मोजतात, त्यांना सरासरी दाब हवा. चोवीस तास दंडाला पट्टा बांधून घेतलेल्या मोजणीत एकाच दिवसाचे कित्येक आकडे आणि वर त्यांची सरासरी. दर मागणीला टेबल बदला, स्क्रीन बदला, रिपोर्ट बदला, जुना डेटा नव्या रचनेत हलवा, पुन्हा सगळं तपासा. आणि हा एकटा बीपी झाला.

दुसरा उपाय सुरुवातीला फार हुशारीचा वाटतो. एकच लांबलचक टेबल करायचं: रुग्ण, गोष्टीचं नाव, तिचं मूल्य. काहीही नवं आलं की एक ओळ वाढवायची, टेबलाला हात लावायचाच नाही. पण ‘सिस्टोलिक १५०’ या ओळीची जोडी कोणत्या ‘डायस्टोलिक’शी आहे, एकक कोणतं, रुग्ण बसला होता की झोपला होता, हे त्या टेबलाला ठाऊक नसतं. ते ज्ञान कोडमध्ये ठिकठिकाणी विखुरलेलं असतं, आणि तो कोड लिहिणारा बहुधा एव्हाना दुसऱ्या कंपनीत असतो.

दोन्ही उपायांची अडचण एकच आहे. वैद्यकातल्या गोष्टी सतत बदलतात आणि वाढतात, तर डेटाबेस आणि कोड यांना स्थैर्य लागतं. या दोघांना एकत्र बांधलं की एक ओढतो तिकडे दुसऱ्याला जावं लागतं. म्हणून दोन थर वेगळे करायचे: खाली एक छोटा, क्वचितच बदलणारा पाया आणि वर वैद्यकीय अर्थाची मॉडेलं. ही मॉडेलं कोडमध्ये नसून वेगळ्या फाइलींत असतात, डॉक्टर ती वाचू शकतात, आणि चालू असलेलं सॉफ्टवेअर त्या फाइली वाचून वागतं. या पद्धतीचं सर्वांत पूर्ण रूप ‘ओपनईएचआर’ या खुल्या मानकात दिसतं. त्याचं मूळ १९९२ ते १९९५ या काळातल्या एका युरोपीय प्रकल्पात आहे. दोन थरांची कल्पना पुढे ऑस्ट्रेलियात थॉमस बील यांनी मांडली.

खालच्या थराला रेफरन्स मॉडेल म्हणतात. त्यात बीपी नाही, मधुमेह नाही, कावीळ नाही. आहे ती नोंदीची रचना. एका भेटीची मिळून एक ‘कॉम्पोझिशन’ होते. तिच्या आत नोंदी, आणि वैद्यकीय नोंदींचे प्रकार चारच: जे पाहिलं-मोजलं ते ऑब्झर्वेशन, त्यावरून डॉक्टरांनी बांधलेलं मत म्हणजे इव्हॅल्युएशन, पुढे काय करायचं ती सूचना म्हणजे इन्स्ट्रक्शन आणि प्रत्यक्ष जे केलं ते ॲक्शन. औषध लिहून देणं आणि सिस्टरनं ते औषध देणं या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हे इथेच ठरून जातं. कारकुनी माहितीसाठी पाचवा प्रकार आहे.

मूल्यांचे प्रकारही याच थरात ठरतात. मोजलेला आकडा कधीच एकटा साठत नाही, त्याला एकक चिकटलेलं असतं. उपाशीपोटीची साखर आपल्याकडची लॅब १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशी देते. तीच ब्रिटनमध्ये ७.० मिलिमोल प्रति लिटर होते. पुण्याहून लंडनला मुलाकडे गेलेल्या आजोबांच्या फाइलमध्ये नुसते ‘१२६’ आणि ‘७’ हे आकडे शेजारी बसले, तर आलेख पाहणाऱ्याला साखर कोसळल्यासारखी वाटेल. लघवीतल्या प्रथिनांचा ‘निल, ट्रेस, एक प्लस, दोन प्लस’ हा निकाल मजकूर म्हणून साठवला तर कोणता मोठा ते संगणकाला कळत नाही. त्यासाठी क्रमाचा वेगळा प्रकार आहे, ज्यात प्रत्येक पायरीला लेबलाबरोबर क्रमांकही असतो.

आणि या थरात काहीही पुसलं जात नाही. चुकीची नोंद दुरुस्त केली की नवी आवृत्ती तयार होते, जुनी मागे राहते, आणि कोणी, कधी, कोणत्या कारणानं बदल केला याची नोंद दोन्हींना जोडलेली असते. डॉक्टरांवर कोर्टाची वेळ आली तर याच भागाला सर्वाधिक किंमत येते.

वरचा थर: आर्किटाइप

एका वैद्यकीय संकल्पनेचं संपूर्ण वर्णन म्हणजे आर्किटाइप. बीपीचा एक, वजनाचा एक, निदानाचा एक. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या ‘क्लिनिकल नॉलेज मॅनेजर’ या ऑनलाइन संग्रहात हे आर्किटाइप ठेवलेले असतात, आणि वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर-परिचारिका त्यांची तपासणी करतात.

बीपीचा आर्किटाइप उघडून पाहिला की एका रकान्यात काय दडलं होतं ते कळतं. मुख्य भागात सिस्टोलिक, डायस्टोलिक, सरासरी धमनी दाब आणि नाडीदाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक. दुसऱ्या भागात मोजताना रुग्णाची अवस्था: उभा, बसलेला, रेललेला, आडवा, आणि एक खास पर्याय म्हणजे डाव्या कुशीकडे कलून आडवा. हा पर्याय गरोदर बाईसाठी. दिवस भरत आले की उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी नेहमीपेक्षा कमी भरू शकतो. तिसरा भाग मोजण्याच्या पद्धतीचा: पट्ट्याचा आकार, शरीरावरची जागा, डायस्टोलिकचा आकडा स्टेथोस्कोपमधल्या कोणत्या आवाजावर धरला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी खरोखर असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे पट्ट्याचा आकार ही फालतू चौकशी नाही. चोवीस तासांच्या सरासरीचीही वेगळी सोय आहे, म्हणजे ती एका क्षणाच्या मोजणीत मिसळत नाही.

सिस्टोलिकची मर्यादा मात्र ० ते १००० मिलिमीटर पारा इतकी सैल ठेवली आहे. नवख्याला हा निष्काळजीपणा वाटतो. आर्किटाइपचं काम नोंद शक्य करण्याचं आहे. ७० ते २०० अशी मर्यादा घातली असती, तर शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या अवस्थेत, आलेल्या रुग्णाचा ५० हा खरा आकडा सॉफ्टवेअरनं नाकारला असता. ‘हा आकडा तपासून पाहा’ असा इशारा स्क्रीननं द्यावा, साठवणीनं नव्हे.

आर्किटाइपमध्ये सगळं असतं, आणि म्हणूनच तो जसाच्या तसा कोणी वापरत नाही. प्रत्येक वापरासाठी टेम्प्लेट बनवतात. गरोदर मातांच्या तपासणीचं टेम्प्लेट घ्या. बीपी, वजन, गर्भाच्या हृदयाचे ठोके, लघवीतली प्रथिनं आणि गर्भाचे आठवडे यांचे आर्किटाइप एकत्र आणायचे, बीपीतला नाडीदाब काढून टाकायचा, सिस्टोलिक आणि डायस्टोलिक सक्तीचे करायचे. नियम एकच, टेम्प्लेट फक्त आवळू शकतं. ऐच्छिक रकाना सक्तीचा करता येतो, नको तो गाळता येतो, पण आर्किटाइपमध्ये नसलेला रकाना घुसडता येत नाही आणि सक्तीचा सैल करता येत नाही. या एका नियमामुळे कोणत्याही टेम्प्लेटनं भरलेला बीपी तो आर्किटाइप ओळखणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येतो.

तयार टेम्प्लेटची एक फाइल बाहेर काढून सर्व्हरवर चढवतात. त्यापुढे येणारी प्रत्येक नोंद सर्व्हर त्या फाइलीशी ताडून पाहतो आणि न जुळणारी परत पाठवतो. टेबलाला कोणी हात लावलेला नसतो. माहिती काढण्यासाठीची भाषाही टेबलांची नावं घेत नाही, ती आर्किटाइपमधल्या वाटा वापरते: वीस आठवड्यांपुढच्या ज्या गरोदर बायकांचा बीपी १४०/९० किंवा जास्त आणि लघवीतली प्रथिनं एक प्लस किंवा जास्त, त्यांची यादी दे. हाच प्रश्न दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर न बदलता चालायला हवा, आणि बऱ्याच अंशी चालतो.

कुठे फसतं

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे कागदी फॉर्मागणिक एक आर्किटाइप बनवणं. ‘सर्जरी वॉर्ड केसपेपर’ हा आर्किटाइप नव्हे, ते टेम्प्लेट आहे. फॉर्म हाच आर्किटाइप धरला की प्रत्येक वॉर्डाचा बीपी वेगळा होतो आणि आपण पुन्हा पहिल्या रकान्याशी येऊन थांबतो, फक्त या वेळी जास्त खर्च करून. सुरुवात करताना सगळे फॉर्म समोर मांडून आधी त्यांतल्या समान संकल्पनांची यादी काढावी, तयार आर्किटाइप शोधावा, आणि खरोखर नसेल तरच नवा बनवावा.

दुसरी चूक सक्तीची. माहितीची शिस्त लावायच्या उत्साहात दहा रकाने सक्तीचे केले की अपघात विभागात ‘०’, ‘९९९’ आणि ‘११११’ भरले जातात. त्यापेक्षा रकाना रिकामा का आहे हे नोंदवता आलं पाहिजे. रेफरन्स मॉडेलमध्ये त्यासाठी ठरलेली चार कारणं आहेत: माहीत नाही, माहिती दिलेली नाही, माहिती आहे पण झाकून ठेवली आहे, आणि लागू नाही.

तिसरा घोटाळा जास्त सूक्ष्म आहे आणि त्यानं नुकसानही जास्त होतं. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या प्रचंड कोशात मधुमेहाला ७३२११००९ हा क्रमांक आहे. आता ‘वडिलांना मधुमेह’ ही नोंद कशी करायची? कौटुंबिक इतिहासाच्या आर्किटाइपमध्ये मधुमेहाचा हाच क्रमांक टाकता येतो, किंवा ‘कुटुंबात मधुमेह’ या तयार संज्ञेचा वेगळा क्रमांक वापरता येतो. दोन्ही मार्ग चालतात, पण एकाच रुग्णालयात दोन्ही चालले तर गोंधळ ठरलेला. नुसता क्रमांक शोधणारी यादी वडिलांचा मधुमेह मुलाच्या नावावर मांडते. ‘मधुमेह नाही’चंही तसंच, त्यासाठी नकाराचा स्वतंत्र आर्किटाइप आहे, आणि निदानाच्या रकान्यापुढे ‘नाही’ची खूण ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. कोणता अर्थ रचनेतून यायचा आणि कोणता कोशातून, हे पहिल्या महिन्यात लेखी ठरवावं लागतं.

स्क्रीनबद्दलही भ्रम असतो. टेम्प्लेटवरून फॉर्म आपोआप तयार होतो हे खरं, पण तो झाडासारखा उलगडत जाणारा, कंटाळवाणा फॉर्म असतो. दोन-तीन मिनिटांत रुग्ण पाहणारे डॉक्टर तो भरणार नाहीत. स्क्रीन हातानंच घडवावी लागते. वाचतो तो डेटाबेसचा आणि रिपोर्टचा खर्च. हजारो रुग्णांवर एकदम चालणारे प्रश्नही या झाडासारख्या रचनेत हळू चालतात. नेहमीच्या रिपोर्टसाठी रात्री वेगळं सपाट टेबल भरून ठेवणं हा रुळलेला तोडगा आहे.

भारतात

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली; त्यांत ओपनईएचआरची मॉडेलं आणि स्नोमेड सीटी दोन्ही आहेत. या मानकांचं राष्ट्रीय साहाय्य केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननं मात्र देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर (उच्चार ‘फायर’) हे मानक घेतलं. औषधचिठ्ठी, तपासणी अहवाल, डिस्चार्ज समरी, लसीकरण अशा दस्तऐवजांचे साचे त्यात ठरलेले आहेत, आणि ते रुग्णाच्या १४ अंकी ‘आभा’ या आरोग्य ओळख क्रमांकाला जोडता येतात.

एफएचआयआर आलं म्हणजे आतलं मॉडेल नको, असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. एफएचआयआर हेही मॉडेलवरच उभं आहे, पण त्याचा भर दोन सॉफ्टवेअरांनी एकमेकांना काय पाठवायचं यावर आहे. म्हणून बहुतेकांना लागतं तेवढंच त्याच्या मूळ साच्यात आहे, बाकीचं जोडपत्रानं (एक्स्टेन्शननं) वाढवायचं. तेच आतल्या साठवणीसाठी वापरलं तर प्रत्येक रुग्णालयाची जोडपत्रं वेगळी होत जातात. आत मजकुराचा रकाना असेल तर बाहेर एफएचआयआरच्या साच्यात घालूनही ‘नॉर्मल’च जाईल.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या रुग्णालयानं दोन गोष्टी मागाव्यात. पहिली डेमोच्या वेळी: बीपीत ‘पट्ट्याचा आकार’ हा रकाना समोर वाढवून दाखवा, आणि मग कालच्या नोंदी व आजच्या नोंदी एकाच यादीत काढून दाखवा. ‘पुढच्या रिलीजमध्ये करू’ असं उत्तर आलं, तर मॉडेल कोडमध्येच पुरलेलं आहे. दुसरी करारात: ‘डेटा परत मिळेल’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या आर्किटाइपच्या कोणत्या आवृत्तीत मिळेल ते लिहून घ्यावं लागतं. आर्किटाइपमध्ये ऐच्छिक रकाना वाढला तर जुना डेटा तसाच चालतो, पण रचना मोडणारा बदल झाला की मुख्य आवृत्तीचा आकडा वाढतो आणि जुन्या नोंदी जुन्याच आवृत्तीत राहतात. पाच वर्षांचा डेटा दोन आवृत्त्यांत विभागलेला असेल, तर टेम्प्लेटच्या दोन्ही फाइली, रुग्णालयानं स्वतः ठरवलेल्या संज्ञा-क्रमांकांच्या याद्या आणि एका आवृत्तीतून दुसरीत नेण्याचा तक्ता हेही त्या डेटाबरोबर ताब्यात मिळायला हवेत.