सार्वजनिक खर्चावर विरोधकांची देखरेख : नाशिक

सरकार कोणते काम कोणाला आणि कोणत्या दराने देते, मंजूर झालेला पैसा खरोखर कुठे जातो, याचा जाब लोकप्रतिनिधींनी सभागृहात व समित्यांत विचारण्याची संसदीय प्रथा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११४ नुसार संसदेच्या आणि २०४ नुसार राज्य विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही. जाब विचारण्याचा अधिकार तिथून येतो आणि तो सत्ताधारी सदस्यांनाही आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाचे प्रकरण १९५७ मध्ये लोकसभेत लावून धरले ते काँग्रेसच्याच फिरोज गांधी यांनी. त्यापायी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. एरवी मात्र हे काम विरोधी बाकांवरच येऊन पडते.

नाशिक जिल्ह्यात ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडचे नोटांचे व मुद्रांकांचे छापखाने केंद्राचे, धरणे व मोठे रस्ते राज्याचे, त्याखाली जिल्हा परिषद व महापालिका, आणि दर बारा वर्षांनी सिंहस्थ. ही देखरेख कुठे लागू पडते आणि कुठे तोकडी पडते, ते इथे जवळून पाहता येते.

राज्य विधिमंडळात तारांकित (म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे) प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, कपात सूचना आणि पुरवणी मागण्यांवरील चर्चा ही नेहमीची साधने. कपात सूचना, म्हणजे खात्याने मागितलेली रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, संख्याबळाअभावी फेटाळली जाते, हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असते. ती मांडल्याने खात्याचा कारभार चर्चेला येतो, एवढाच तिचा उपयोग. तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. अमुक रस्त्याचे काम निकृष्ट झाले ‘हे खरे आहे काय’. ‘असल्यास’ चौकशी केली काय. तीत काय आढळले. ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरात ‘हे खरे नाही’ आले की पुढच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच मिळते. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर त्यामानाने मोलाचे, कारण तिथून उपप्रश्नांना वाट मिळते. त्यासाठी सदस्याच्या हातात कागद लागतात: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यतेचा दर, किती निविदा आल्या, कार्यादेशाची तारीख, मुदतवाढ किती वेळा दिली, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी. कागद नसतील तर नुसता गदारोळ होतो आणि मंत्री सुटतो.

सभागृहाबाहेर खरी तपासणी समित्या करतात. संसदेच्या लोकलेखा समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात, मंत्री सदस्य होऊ शकत नाही, आणि १९६७ मध्ये मिनू मसानी यांच्यापासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा पडली. ही समिती सरकारी हिशेब तपासणाऱ्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासते. सरकारी कंपन्यांसाठी १९६४ पासून वेगळी सार्वजनिक उपक्रम समिती आहे.

ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी उभा राहिला. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. १९७७ मध्ये तेच लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. पुढे राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरून वाद पेटला, तेव्हा या कंपनीला डावलले का, हा प्रश्न विरोधकांनी लावून धरला. कंपनीला एक लाख कोटींची कामे दिल्याच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या विधानाचा पुरावा मागण्यात आला. ७ जानेवारी २०१९ रोजी त्यांनी लोकसभेत फोड सांगितली: २६,५७०.८ कोटींचे करार झालेले, सुमारे ७३,००० कोटींची कामे अजून प्रक्रियेत. झालेला करार आणि होऊ घातलेला करार यांतला फरक सभागृहाच्या कामकाजात नोंदला गेला. या कामावर पोट असलेल्या ओझरच्या कामगारवस्तीसाठी तो मोठा फरक होता.

खरेदीइतकेच लक्ष विल्हेवाटीकडेही हवे. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयाने निकामी म्हणून लिलावात काढलेली यंत्रे वापरली गेल्याचे तपासात पुढे आले. कांद्याबाबत केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांची खरेदी शेतकऱ्याकडून होते की व्यापाऱ्याकडून, हा जिल्ह्यातला नेहमीचा सवाल आहे.

जिल्हा परिषदेला सर्वांत जास्त धास्ती असते ती विधिमंडळाच्या पंचायत राज समितीची, म्हणजे ‘पीआरसी’ची. समिती येणार म्हटले की रखडलेल्या लेखा आक्षेपांचे अनुपालन, म्हणजे त्यांची उत्तरे, रात्रंदिवस लिहिले जाते. समिती मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना लेखापरीक्षण अहवालाच्या परिच्छेदागणिक प्रश्न विचारते आणि शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामपंचायती प्रत्यक्ष पाहते. उत्तर न पटल्यास विभागाच्या सचिवांची साक्ष मुंबईत होते. यात सर्व पक्षांचे आमदार असतात, तरीही गावपातळीपर्यंत पोहोचणारी इतकी थेट तपासणी दुसरी नाही. दौऱ्याचा पाहुणचार होऊ दिला नाही, तर तिचे वजन आणखी वाढेल.

महापालिकेत (स्थापना १९८२) ही जबाबदारी १६ सदस्यांच्या स्थायी समितीवर असते. मोठे ठेके तिच्या मंजुरीने होतात आणि पक्षांच्या बळानुसार विरोधी नगरसेवकही तीत असतात. ऐनवेळी आलेल्या ‘जादा विषयां’ना हरकत घेणे, दर चढा वाटल्यास विषय तहकूब ठेवायला लावणे, एकाच कामाचे तुकडे पाडले असतील तर ते दाखवून देणे, हे त्यांचे काम. स्मार्ट सिटीची कामे वेगळ्या कंपनीकडे गेली तेव्हा ही पायरीच गळली. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या १.१ किलोमीटर ‘स्मार्ट रोड’च्या रखडपट्टीवर नगरसेवकांना महासभेत संताप व्यक्त करता आला, पण ठेकेदाराचे बिल त्यांच्या हातात नव्हते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक राहिला. या काळात प्रस्ताव मांडणारा आणि त्याला स्थायी समिती व महासभा म्हणून मंजुरी देणारा अधिकारी एकच होता. ही व्यवस्था कायद्यात बसत असली, तरी इतकी वर्षे चालणे गैर होते.

वरच्या पातळीवरही पोकळी आहे. २०२४ मध्ये नाशिक व दिंडोरी, तसेच जिल्ह्याचा काही भाग येणाऱ्या धुळे मतदारसंघातून विरोधी पक्षांचे खासदार निवडून आले. विधानसभेला मात्र जिल्ह्यातील १५ पैकी १४ जागा सत्ताधारी महायुतीला आणि मालेगाव मध्यची एक एमआयएमला गेली. विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेने धरल्या जाणाऱ्या एकदशांश जागा राज्यात कोणत्याही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडले.

याच काळात २०२६-२७ च्या सिंहस्थाची कामे सुरू झाली. त्यासाठी २०२५ मध्ये कायद्याने कुंभमेळा प्राधिकरण नेमण्यात आले. तपोवनात साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर त्याच वर्षाच्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. सिंहस्थाच्या खर्चात बराच भाग तात्पुरत्या कामांचा असतो: तंबू, पत्र्याचे कुंपण, फिरती शौचालये, रोषणाई, भाड्याची यंत्रे. महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळाच्या पटलावर येईपर्यंत हे सारे उचलून नेलेले असते, आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे राहतात ती फक्त देयके. त्यामुळे अशा कामांचे भाडेदर निविदेच्या वेळी, आणि मोजमापे व छायाचित्रे मेळा चालू असतानाच, मागून घ्यावी लागतात.