खुब्याच्या ऑपरेशननंतरचे नियम आले कुठून?

खुब्याचा सांधा बदलला की जळगाव-धुळ्याकडे लोक सरळ ‘बॉल बदलला’ असं सांगतात. असा रुग्ण वॉर्डात आला की सिस्टर त्याच्या दोन पायांमध्ये जाड उशी ठेवते आणि नातेवाइकांना बजावते: मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. घरच्यांना हा जाच वाटतो, कारण नियम सांगितला जातो, पण त्यामागचं कारण सहसा सांगितलं जात नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये इंग्लंडच्या राइटिंग्टन रुग्णालयात हाडांचे सर्जन जॉन चार्नली यांनी खुब्यात धातूचा गोळा आणि पॉलिथिलीन या प्लॅस्टिकची वाटी बसवली. त्याआधीची त्यांची टेफ्लॉनची वाटी भराभर झिजली होती आणि बऱ्याच रुग्णांवर पुन्हा ऑपरेशनची वेळ आली होती. नवा सांधा मात्र टिकला. घर्षण कमी व्हावं म्हणून त्यांनी गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा ठेवला होता, आणि लहान गोळा वाटीतून लवकर निसटतो. त्यातून चीर मागच्या बाजूने घेतलेली असेल, तर खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकला किंवा पाय आत वळला की धोका वाढतो. उंच खुर्ची आणि कमोडचा आग्रह त्यासाठीच. आता गोळे ३२-३६ मिलिमीटरचे असतात, त्यामुळे काही सर्जन हे नियम सैल करतात. आपल्याकडे मात्र सुतळीच्या बाजेचा विचार आधी करावा लागतो. ढिली बाज मधोमध खचते, माणूस खाली रुततो आणि गुडघे खुब्याच्या वर जातात. म्हणून सुट्टी देण्याआधी घरी झोपायला काय आहे, संडास कसला आहे, हे विचारलंच पाहिजे.

जंतुसंसर्गावर चार्नलींनी ऑपरेशन थिएटरची हवाच गाळून घेतली. शंभरात सातच्या आसपास असलेलं प्रमाण पुढे एकाच्या घरात आलं.

त्या काळी रुग्ण आठवडेच्या आठवडे पडून असत. प्रतिबंधक औषध नसताना तपासणी केली, तर शंभरातल्या चाळीस ते साठ जणांच्या पायाच्या शिरांत गुठळी सापडे. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. गुठळी होऊ न देणारं हेपॅरिनचं इंजेक्शन, घोट्याचा व्यायाम आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करणं, हे सगळं त्या अनुभवातून आलं. बेडसोर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, टाळण्याचं श्रेय एका नर्सचं आहे: डोरीन नॉर्टन यांनी १९६२ मध्येच दाखवून दिलं की मलमं चोळण्यापेक्षा ठरावीक वेळाने कूस बदलणं जास्त उपयोगी पडतं.

हा सगळा अनुभव मुख्यतः म्हाताऱ्या, झिजलेल्या सांध्यांचा. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडे गोष्ट वेगळी आहे. तिथल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी वाकड्या करणारा आनुवंशिक आजार, आहे. वाकड्या रक्तपेशी मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा अडवतात, हाड आतून मरतं आणि ऐन तरुणपणी खुबा बदलायची वेळ येते. अशा रुग्णाला पाणी कमी पडलं, थंडी वाजली किंवा ऑक्सिजन घसरला, तर पेशी पुन्हा वाकड्या होऊन अडकतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा तर सलाइन आणि लघवीचा हिशेब तासागणिक ठेवावा. थिएटरमधून आल्या आल्या ब्लँकेट घालावं, खोल श्वास घ्यायला लावावा. आणि ताप, छातीत दुखणं, धाप यांतलं एकही लक्षण दिसलं, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावं.